सेक्स्टंट घेतेस ना, मग एवढं ऐकून घे

अगं, बाबांनी आजोबांचा जहाजावरचा सेक्स्टंट तुझ्या हातात ठेवला हे कळलं आणि खरं सांगू, आधी आनंद झाला आणि लगेच धास्ती वाटली. आनंद अशासाठी, की त्याची पेटी काकांच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये, शोकेसमधल्या बाहुल्यांच्या आणि दादाच्या कॅरमच्या ढालींच्या शेजारी जाऊन बसली नाही. धास्ती तुझ्या स्वच्छतेची. पितळ दिसलं की तुझे हात शिवशिवतात. गणपतीच्या आदल्या दिवशी समया घासायला कुणी सांगावं लागत नाही तुला. म्हणून सगळ्यात आधी ती पितांबरी खाली ठेव. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, कुठल्याशा व्हिडिओत दाखवलेला सोडा, काही म्हणजे काही त्याला लागता कामा नये.

तो काळपट दिसतो म्हणून मळलाय असं समजू नकोस. तो मुद्दाम काळा केलाय. भर उन्हात डोळ्याशी धरायच्या वस्तूवरून ऊन चमकून डोळ्यांत जाऊ नये, म्हणून बनवणाऱ्यांनी त्या पितळी सांगाड्यावर काळा थर चढवला. तो थर घासून काढलास तर खाली लखलखीत पितळ निघेल, घरी येणारे ‘वा, किती सुंदर’ म्हणतील आणि जाणकार माणूस कपाळावर हात मारेल. धूळ काढायची तर मऊ, कोरडा, रुंद ब्रश. आरशांवर आणि भिंगांवर फुंकरही मारू नकोस, फुंकरीत ओल असते. कॅमेऱ्याच्या दुकानात रबरी फुगा मिळतो, त्याने हवा मार.

आता खालची कमान बघ. तिच्यात चांदीची अरुंद पट्टी बसवली आहे आणि तिच्यावर रेघा कोरल्या आहेत. जपायचं आहे ते हे. बाकी सगळा सांगाडा त्या पट्टीसाठी उभा आहे. भिंग घेऊन बघितलंस तर एका अंशाचे सहा भाग केलेले दिसतील, म्हणजे एकेक घर दहा मिनिटांचं. मिनिट म्हणजे इथे घड्याळातलं नव्हे, अंशाचा साठावा भाग. आणि त्या पट्टीलगत सरकणारी दुसरी छोटी पट्टी आहे, व्हर्नियर, तिच्यावरची कुठली रेघ खालच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते पाहून ही दहा मिनिटंसुद्धा आणखी बारीक वाचता येतात, दहा सेकंदांपर्यंत. पूर्वी अशा रेघा कारागीर हाताने पाडत. जेसी रॅम्सडेन नावाच्या लंडनच्या कारागिराने 1770 च्या दशकात रेघा पाडणारं यंत्र बनवलं, तेव्हा कुठे लहान आकाराचे आणि तरीही भरवशाचे सेक्स्टंट निघायला लागले. तिथल्या बोर्ड ऑफ लाँजिट्यूडने त्याला पैसे दिले ते एका अटीवर: ही युक्ती दुसऱ्या कारागिरांनाही शिकवायची. 1777 मध्ये त्या यंत्राचं वर्णन छापूनच काढलं. मला ही अट फार आवडते. आपल्याकडे लोणच्याची कृतीसुद्धा कुणी धड सांगत नाही.

तर, बोटाचा घाम त्या चांदीवर लागू द्यायचा नाही. घामात मीठ असतं, चांदी काळवंडते, मग ती चमकवायला आपण घासतो आणि घासता घासता रेघा पुसट होतात. पेटीतून काढताना कमानीला हात घालायचा नाही, मधल्या हलत्या दांड्यालाही नाही. डाव्या हाताने सांगाडा धरून उचल, मग उजव्या हाताने मागची लाकडी मूठ पकड. परत ठेवताना दांडा ठरलेल्या जागीच हवा, नाहीतर तो पेटीतल्या खाचांमध्ये बसत नाही आणि झाकण लागत नाही. झाकण लागत नाही म्हणून दाबायचं तर अजिबातच नाही. हे दादासाठी सांगतेय. तो सुटकेसवर बसून चेन लावणारा माणूस.

आणि दसऱ्याचं काय ते आत्ताच ठरवून टाक. आजी दर खंडेनवमीला पेटी उघडून यंत्राला हळदकुंकू वाहायची, अक्षता टाकायची, झेंडूचं फूल ठेवायची. आजोबा काही बोलायचे नाहीत, नंतर एकटे बसून ब्रशने एकेक दाणा काढायचे. तरी तू भिंगातून पाहा, दांड्याच्या खालच्या स्क्रूच्या खाचेत अजून लाल दिसेल. तो स्क्रू दांडा बारीक बारीक सरकवण्यासाठी असतो. त्यात कण अडकला की दांडा अडखळत सरकतो आणि मोजमाप चुकतं. किती चुकतं म्हणशील? एका मिनिटाची चूक म्हणजे पृथ्वीवर एक सागरी मैल, 1852 मीटर. कुंकवाच्या एका कणापायी जहाज दोन किलोमीटर भलतीकडे! आजीची श्रद्धा मोडायची नाही, पण यापुढे हळदकुंकू पेटीच्या झाकणावर, बाहेरून. आत फक्त नमस्कार. ते जुनं लाल मात्र तसंच राहू दे, सुईने कोरत बसू नकोस.

कोकणातल्या पावसाळ्याबद्दल तुला काय सांगायचं. जूनपासून कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. भिंगांना ती आली की काचेवर बारीक जाळं पडतं आणि फार दिवस राहिलं तर काचेतच ओरखडे उमटतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेव, ओलावल्या की बदल. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून हवाबंद करू नकोस, आतली ओल आतच राहते. पाऊस नसेल त्या दिवशी पेटी सावलीत उघडी ठेव. वाळवीसाठी पेटी भिंतीला टेकवायची नाही. आरशांचा पारा कडेने उडालाय हे मीही पाहिलंय. त्याची घाई नको. कधी नवे आरसे बसवून घेतलेच तर जुने फेकायचे नाहीत, कागदात गुंडाळून पेटीतच ठेवायचे. आरशांमागे बारीक स्क्रू आहेत, त्यांना कळत असल्याशिवाय हात लावू नये, आणि कळायला लागलं की तसाही कुणी उगाच हात लावत नाही.

एक गोष्ट मात्र दरडावून सांगते. पोरांच्या हातात देशील तेव्हा सूर्याकडे रोखू देऊ नकोस. त्याला दुर्बीण आहे. पुढे रंगीत काचा आहेत त्या सूर्यासाठीच, पण एखादी काच तडकलेली असेल, खाली घ्यायची राहिली असेल, तर डोळा कायमचा जाईल. तू बघशील तेव्हाही आधी काचा खाली, मग डोळा. शंका आली तर सर्वांत काळी काच.

आता दादाचं. परवा मला त्याचा फोन आला होता. म्हणे, चोरबाजारात अगदी अस्साच पाहिला, चकचकीत, त्यावर ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, 1917’ असं कोरलेलं, आणि किंमत बघितली तर हॉटेलात चौघं जेवली तर होईल तेवढी. तेव्हा तुम्ही दोघी कशाला एवढं कौतुक करता? मी त्याला म्हटलं, दादा, केल्विन अँड ह्यूज हे नावच मुळी 1947 मध्ये आलं, दोन जुन्या कंपन्या एकत्र झाल्यावर. मग 1917 मध्ये ते कोरलं कुणी? शोभेच्या अशा वस्तू आपल्याच देशात ढिगाने बनतात, रुडकीसारख्या गावात तर हा मोठा धंदाच आहे, आणि त्यात वाईट काही नाही, टेबलावर ठेवायला बऱ्या दिसतात. पण त्यांच्या कमानीवरच्या रेघा भिंगाखाली धरल्या की कळतं. त्या मोजायला नसतातच.

आपल्यावर ‘हेन्री ह्यूज अँड सन, लंडन’ आहे. आणि झाकणाच्या आत चिकटवलेला पिवळा पडलेला कागद आहे ना, तो नीट वाच. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचं प्रमाणपत्र आहे ते, 1921 चं. कमानीवर कुठल्या अंशाला किती सेकंदांची चूक आहे याचा तक्ता त्यात दिलाय. बनवणाऱ्याने सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, तिसऱ्याकडून तपासून घ्यायचं आणि यंत्राची खोट त्याच्याच पेटीत लिहून ठेवायची. लग्नाच्या बायोडेटाला अशी सोय असती तर किती संसार वाचले असते! तो कागद सोलून लॅमिनेट करण्याचा विचार मनात आला असेल तर काढून टाक. फोटो काढून ठेव, पुरे.

आणि याच कागदाने तुझी एक अडचण केली आहे. तू येत्या मार्चमध्ये सिंगापूरला निघणार आहेस. सेक्स्टंट बरोबर नेणार म्हणालीस तेव्हा मी फोनवर गप्प राहिले, कारण जावईबापू शेजारी होते. आता सांगते. 1972 चा पुरावस्तूंचा कायदा आहे. निदान शंभर वर्षं जुनी, विज्ञान, कला, कारागिरी यांची साक्ष देणारी वस्तू त्यात मोडते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. सरकार किंवा सरकारने नेमलेली संस्थाच नेऊ शकते. 1921 चा कागद झाकणात चिकटवलेला आहे, म्हणजे वयाचा दाखला तूच बरोबर घेऊन विमानतळावर जाणार! वस्तू इंग्लंडमध्ये बनली म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नकोस. कपड्यांत गुंडाळून नेऊ, कोण बघतंय, हे तर तोंडातूनही काढू नकोस. बघणारं मशीन असतं आणि कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. वस्तू पुरावस्तू आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा. त्यांना दाखवून लेखी घेता येतं. तसं विचारायचं असेल तर खुशाल विचार, पण उत्तर काय येईल याचा अंदाज आपल्याला आहे.

तुला वाटेल ताई डाव साधतेय, सेक्स्टंट स्वतःकडे ठेवायचा म्हणून कायदा सांगतेय. वाटू दे. मला तो नकोच आहे, माझ्या घरात दोन मुलगे आणि एक मांजर आहे. तो रत्नागिरीला बाबांकडे राहू दे, तुझ्या नावाने. तसंही सिंगापुरात तू त्याचं काय करणार? ते विषुववृत्ताच्या जेमतेम सव्वा अंश वर आहे, ध्रुवतारा क्षितिजाला टेकलेला, दिसल्यात जमा नाही. इथे रत्नागिरीत ध्रुव सतरा अंश वर, मुंबईत एकोणीस. ध्रुवाची उंची म्हणजेच आपला अक्षांश, एवढ्या एका गोष्टीवर अरबी समुद्रातले जुने नाखवे शेकडो वर्षं फिरले. त्यांच्याकडे लाकडी पट्टी आणि गाठी मारलेली दोरी असायची, कमल म्हणत त्याला. दोरी दातांत धरायची, पट्टीची खालची कड क्षितिजाला, वरची कड ध्रुवाला, आणि कितव्या गाठीवर जमलं त्यावरून बंदर आलं की नाही ते ओळखायचं. सिंगापुरात हात बसवायचा असेल तर अमेरिकेतल्या डेव्हिस कंपनीचा प्लास्टिकचा सेक्स्टंट मिळतो, शिकायला उत्तम, पडला तरी जीव वरखाली होत नाही.

काकांचा राग कशाचा आहे ते मला नीट कळलंय आणि तुलाही कळलंय. ‘घराण्याची वस्तू आहे, मुलीकडे गेली म्हणजे दुसऱ्या घरात गेली.’ हे ते थेट तुला बोलणार नाहीत, आईला ऐकवतील. त्यावर भांडू नकोस. दागिन्यांवरून, जमिनीवरून भांडून झालंय आपल्या घरात पुष्कळ. जंगम वस्तू दान देताना ती हातात दिली की कायद्याने दान पुरं होतं, नोंदणी लागत नाही. तरी बाबांकडून दोन ओळी लिहून घे: अमुक वस्तू, अमुक नंबर, माझ्या धाकट्या मुलीला दिली. नंबर कमानीवर कोरलेला आहे. साक्षीदार म्हणून काकांचीच सही. ज्याने सही केली तो पुढे तक्रार करत नाही, आणि मानही राहतो.

‘पोरीला समुद्रातलं काय कळतं’ असं कुणी म्हणालंच, तर त्यांना गोल्डन ग्लोब शर्यतीचं सांग. एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा. बोटीवर जीपीएस वापरायचं नाही, सेक्स्टंट आणि कागदी नकाशे घेऊन जायचं. 2022 मध्ये सुटलेली ती शर्यत एप्रिल 2023 मध्ये कर्स्टन नॉयशेफर या दक्षिण आफ्रिकेच्या बाईने जिंकली. दुसरा आला आपल्या नौदलातून निवृत्त झालेला अभिलाष टॉमी, तोच, जो 2018 च्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडून पाठीला जबर मार लागल्यावर वाचवला गेला होता. तरी पुन्हा गेला. 2018 ची त्याची बोट ‘थुरिया’ गोव्यात बांधलेली, आणि ती जिच्यावरून बेतली ती ‘सुहेली’ मुंबईत बांधलेली. सागवानी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून एकटा न थांबता जगाला फेरी मारून एप्रिल 1969 मध्ये परत आला, तसं करणारा पहिला माणूस. त्यानेही सूर्य असाच सेक्स्टंटने उतरवला होता. काकांना मुंबईत बांधलेल्या बोटीचं कौतुक वाटेल, तिथून सुरुवात कर, बाईचं नाव मागाहून काढ.

दादा विचारेल, आता फोनमध्ये सगळं असताना याचा उपयोग काय. उपयोग विचारायचा तर त्याच्या ढालींचा काय? पण खरं उत्तरही आहे. जीपीएस 1995 मध्ये पूर्ण चालू झालं. त्यानंतर अमेरिकेच्या नौदल अकादमीने ताऱ्यांवरून दिशा काढणं शिकवायचं जवळपास बंद केलं आणि 2015 मध्ये पुन्हा सुरू केलं, कारण उपग्रहाचा सिग्नल अडवता येतो, फसवता येतो, सूर्याला कुणी फसवू शकत नाही. आपल्याकडे मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या डेक कॅडेटला अजून सेक्स्टंट धरायला शिकवतात.

आजोबा ‘डफरिन’वर शिकले तेव्हा तर दुसरं काही नव्हतंच. 1927 पासून माझगावच्या समुद्रात उभं असायचं ते प्रशिक्षण जहाज. ज्यांनी पुढे आपल्या लोकांना एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला धाडायचा घाट घातला, ज्यातून आपले दिलीप दोंदे 2009 मध्ये गेले आणि 2010 मध्ये परत आले, ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटीसुद्धा ‘डफरिन’चेच. तिथून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्याला सेक्स्टंट स्वतःचा घ्यावा लागायचा. जहाज कंपनीचं, क्रोनोमीटर कंपनीचं, सेक्स्टंट ज्याचा त्याचा. म्हणून तो घरी यायचा, म्हणून तो घरात राहिला. नवा परवडायचा नाही, म्हणून आजोबांनी निवृत्त होणाऱ्या एका चीफ ऑफिसरकडून हप्त्यांनी घेतला, हे त्यांच्या वहीत आहे. रक्कम लिहिली आहे आणि पुढे प्रत्येक हप्त्याला बरोबरची खूण.

या वहीवरून आठवलं. काका सांगतात ना, हा सेक्स्टंट युद्धात बुडणाऱ्या बोटीवरून कुणीतरी गळ्यात अडकवून पोहत आणला, ते वहीत कुठेच नाही. आजोबांच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नाही, तूही नाहीस. गोष्ट झकास आहे, पोरांना सांगायला हरकत नाही. पण लिहून ठेवशील तेव्हा दोन वेगळ्या पानांवर लिही. एका पानावर कागदाने सिद्ध होतं ते: बनवणारा, नंबर, 1921, कोणाकडून घेतला, आजोबांच्या सीडीसीवरची, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकातली, जहाजं. दुसऱ्या पानावर घरात सांगितलं जातं ते, कोण सांगतं त्याच्या नावासकट. आणि हे लवकर कर. आत्याला अजून सगळं लख्ख आठवतं, पण ती आता ऐंशीच्या पुढे आहे. तिच्यासमोर पेटी उघड, फोनचं रेकॉर्डिंग लाव आणि मधे मधे बोलू नकोस. तुला सवय आहे.

वहीत उरलेली पानं सगळी आकड्यांची आहेत. आपण लहानपणी ती किराणा मालाची समजायचो. ती रोजच्या दुपारच्या सूर्याची आहेत. सूर्य माथ्यावर येताना त्याची उंची मोजायची, आणि नव्वदातून ती वजा करून, पंचांगासारख्या छापील आल्मनॅकमधून त्या दिवसाची सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्तापासून किती अंशांवर आहे ते, घेऊन, जहाज कुठल्या अक्षांशावर आहे ते काढायचं. सेक्स्टंटमध्ये दोन आरसे आहेत. एका नजरेत क्षितिज दिसतं आणि त्याच नजरेत, आरशातून आलेला, सूर्यही दिसतो. दांडा सरकवत सूर्य खाली आणायचा, क्षितिजाला टेकवायचा आणि कमानीवर अंश वाचायचे. जहाज कितीही डुललं तरी सूर्य आणि क्षितिज दोन्ही एकत्रच डुलतात, त्यामुळे टेकलेला सूर्य टेकलेलाच राहतो. 1731 मध्ये जॉन हॅडलीने लंडनच्या रॉयल सोसायटीत हे दाखवलं, फिलाडेल्फियातल्या थॉमस गॉडफ्रे नावाच्या काचकामवाल्यालाही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच सुचलं. आणि कमान वर्तुळाचा सहावा हिस्सा, साठ अंशांची, तरी तिच्यावर एकशेवीसपर्यंत आकडे का, याचं उत्तरही आरशात आहे. आरसा एक अंश फिरला की किरण दोन अंश वळतो.

तू डिसेंबरात सिंगापूरच्या आधी घरी येशीलच. तेव्हा आपण दोघी हे करू. समुद्रावर जायची गरज नाही. दुपारी सूर्य दक्षिणेला असतो आणि आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सूर्याखाली क्षितिज सापडत नाही. त्याला जमिनीवरच्या सर्वेक्षकांची जुनी युक्ती आहे. खळ्यात एका परातीत काकवी किंवा काळं झालेलं तेल ओतायचं. त्यात सूर्याचं प्रतिबिंब पडतं. वरचा सूर्य आणि परातीतला सूर्य यांच्यातला कोन मोजायचा आणि निम्मा करायचा. पूर्वी यासाठी पारा वापरत. तो आणायचा नाही, विषारी असतो. वाऱ्याने लाटा उठू नयेत म्हणून चारी बाजूंनी पाट उभे करू. दोन्हीकडे सूर्यच दिसणार, म्हणून दोन्ही आरशांपुढच्या काळ्या काचा खाली.

डिसेंबरच का, तर तेव्हा सूर्य सगळ्यात खाली असतो. रत्नागिरीत साधारण साडेएकोणपन्नास अंश, दुप्पट केलं की नव्व्याण्णव, कमानीत आरामात बसतं. मे महिन्यात सूर्य डोक्यावर, दुप्पट केलं तर एकशेऐंशीच्या घरात, कमान संपून जाईल. वेळ बाराची धरू नकोस. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आणि रत्नागिरी त्याच्या पश्चिमेला नऊ अंशांहून थोडी जास्त. अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्या माथ्यावर येतो तो 12.35 च्या आसपास. सव्वाबारालाच बसू. दर दोन मिनिटांनी मोजायचं, आकडा वाढत जाईल, मग थबकेल, मग उतरायला लागेल. थबकला तो आपला.

त्याआधी आदल्या संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन यंत्राची खोट पाहून येऊ. दांडा शून्यावर ठेवून क्षितिज बघायचं. रेघ मधे तुटलेली दिसली तर यंत्रात फरक आहे. ती जुळेपर्यंत दांडा सरकवायचा आणि किती सरकला ते लिहून ठेवायचं. शून्याच्या अलीकडे पडला की मिळवायचा, पलीकडे कमानीवर पडला की वजा करायचा, आणि तेही निम्मं करण्याआधी. आजोबांच्या वहीत प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा आकडा आहे, तो हाच.

मग नव्वदातून उंची वजा, त्यातून सूर्याची क्रांती, साडेतेवीसच्या जरा खाली, वजा. उत्तर सतरा अंशांच्या लगत आलं पाहिजे. अर्धा अंश चुकलं तरी हसायचं नाही, तो तीस सागरी मैलांचा फरक आहे, म्हणजे आपलं घर राजापूरच्याही पलीकडे जाऊन पडेल, पण पहिल्यांदा तसंच होतं म्हणतात. आकडे आजोबांच्याच वहीत लिहू, त्यांच्या शेवटच्या पानानंतरच्या पानावर, तारीख घालून. शाईच्या पेनाने. बाबांना विचारून ठेवलंय, ते चालेल म्हणाले.

काकांच्या सहीचं मात्र माझ्यावर सोड. तू फोन करू नकोस, आईलाही करू देऊ नकोस. मी ठाण्याला जाते तेव्हा त्यांच्यासाठी फणसपोळी नेते आणि खिशात तो कागद. ते मला नाही म्हणत नाहीत.